पत्र्याचा बाण

"आधी हात दाखव."

दार चार बोटं उघडलं होतं आणि मध्ये साखळी आडवी होती. मास्तरांनी टोपी काखेत धरली आणि उजवा हात फटीतून आत सारला. आत तो कुणीतरी धरला, पालथा केला, उताणा केला, अंगठ्याने मनगट घासून पाहिलं. धरणारी बोटं गार होती आणि फार बारीक झाली होती.

"आता कपाळ."

"दादा, अरे मी आहे."

"तू आहेस ते दिसतंय मला. कपाळ दाखव."

मास्तर वाकले आणि कपाळ फटीशी नेलं. सत्तरीला टेकलेला माणूस, छत्तीस वर्षं पोरांना इतिहास शिकवून निवृत्त झालेला, आणि भर दुपारी जिन्यात उभा राहून थोरल्या भावाला कपाळ दाखवतोय. वरून कुणी उतरलं असतं तर चांगलीच शोभा झाली असती. पण रविवार होता, सगळी दारं बंद होती.

"तू ये," आतून निकाल लागला. "तिला नको."

दार पुन्हा लागलं आणि आत काहीतरी जड सरकवल्याचा आवाज येऊ लागला. 'तिला' म्हणजे थोरल्यांच्या एकुलत्या एका मुलीला. ती दोन पायऱ्या खाली, सुपाचा डबा दोन्ही हातांत धरून उभी होती. थोरल्यांना सगळी गल्ली पेंटर म्हणायची, कारण गल्लीतल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. गेली दोनेक वर्षं त्यांचं डोकं हळूहळू विरत चाललं होतं. पाट्यांवरची अक्षरं मात्र अजून ठणठणीत होती.

"तीन दिवस झाले, काका," पुतणी हळू आवाजात म्हणाली. "नळाच्या पाण्याशिवाय पोटात काही नाही. गोळ्या थुंकून टाकतात. सकाळी मी दूध आणायला खाली गेले, परत येते तर आतून कडी. हे सूपही शेजारून करून आणलं."

"पण तुला का नाही घेत आत?"

तिने डबा डाव्या हातात घेतला आणि उजवा हात पुढे केला. हाताच्या मागच्या बाजूला पुसट जांभळं वर्तुळ होतं आणि भोवतीची कातडी लाल झाली होती. ती पोस्टात काउंटरवर बसायची. रोज सकाळी शिक्क्यातली तारीख बदलली की तो नीट उठतो की नाही, हे बघायला ती आधी स्वतःच्या हातावर मारायची. वीस वर्षांची सवय. त्यात डावरी, म्हणून शिक्का नेमका उजव्या हातावर.

"घासून घासून साल निघाली, पण जात नाही. हाच तो शिक्का म्हणे. श्वापदाचा, शास्त्रात सांगितलेला, जगाच्या शेवटी उजव्या हातावर नाहीतर कपाळावर बसणारा. ज्यांच्यावर तो बसला त्यांनाच दुकानात काही मिळणार, आणि त्यांचं जो खाईल तो त्यांच्यातलाच होणार. म्हणजे मी तर गेलेच." ती हसायला गेली आणि ते हसू कुठल्या कुठे भरकटलं. "डॉक्टर म्हणालेत, संध्याकाळपर्यंत काही खाल्लं नाही तर सरळ दवाखान्यात आणा. मागच्या वेळी सलाईन उपटलं म्हणून पलंगाला हात बांधले होते त्यांचे. आणि काका, तिथे आल्या आल्या मनगटाला पट्टा बांधतात. नंबराचा. उजव्या हाताला."

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. पट्टा बांधून घेणारे पेंटर त्यांना दिसायला लागले होते.

"तुम्ही पाच रविवार आला नाहीत," पुतणी म्हणाली. तिने ते ठपका ठेवायला म्हटलं नव्हतं, म्हणूनच मास्तरांना ते जास्त लागलं. तिच्या हातातून डबा घेऊन पिशवीत ठेवायचं निमित्त करून ते खाली वाकले.

दार उघडलं.

खोलीत पडदे ओढलेले होते. टेबल भिंतीला, कपाट अर्धवट वाटेत. पेंटर पायजम्यावर कोट घालून उभे होते, कोटाच्या खिशातून पावाचा वाळका तुकडा डोकावत होता. मास्तर आत शिरताच त्यांनी पुन्हा साखळी लावली, कपाट मात्र ढकललं नाही. तेवढं बळ आता उरलं नव्हतं.

"बस. त्या खुर्चीवर नको."

ती खुर्ची वहिनींची. खिडकीजवळची. पाठीवर त्यांचा राखाडी स्वेटर, बैठकीवर घडी मोडलेलं पांघरूण, त्यावर चष्मा, आणि खाली चपला, एक जरा तिरपी, जशी त्या नेहमी काढायच्या. वहिनींना जाऊन अडीच महिने झाले होते. छातीत कफ झाला, दवाखान्यात नेलं आणि नवव्या दिवशी संपलं. पेंटरांना हे चार वेळा सांगून झालं होतं. चारही वेळा ती त्यांच्यासाठी त्याच क्षणी मेली. चौथ्या वेळी ते स्वयंपाकघरात कोसळले आणि भुवईला तीन टाके पडले. तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता पुरे. विचारलं तर बाहेर गेल्यात म्हणा, आणि घरातलं काही हलवू नका, ओळखीचं सगळं जागच्या जागी असू दे. पुतणीने ते अक्षर न् अक्षर पाळलं होतं.

मास्तर स्टुलावर बसले. समोरच्या भिंतीवर तो कापडी तक्ता होता. बारा फूट लांब, तेलरंगात रंगवलेला, जगाच्या आरंभापासून शेवटापर्यंत. पेंटरांनी तो ऐन तिशीत, पाट्यांची कामं उरकून, दोन वर्षं खपून केला होता. डावीकडे बाग आणि जुने राजे, मग क्रूस, मग लांबच लांब पिवळा पट्टा, म्हणजे मंडळीचा, चर्चचा काळ. पट्ट्याच्या टोकाला निळी उभी रेघ. तिथे तुतारी, आणि आकाशात चढणारी चिमुकली पांढरी माणसं. प्रभू येणार, विश्वासणाऱ्यांना जिवंतपणी वर उचलून घेणार. त्यांचे कपडे, चष्मे, काठ्या होत्या तिथेच पडून राहणार. रेघेच्या उजवीकडे काळा मजकूर आणि सात डोक्यांचं श्वापद, म्हणजे मागे राहिलेल्यांसाठी महासंकट. पार शेवटी सोन्याचं शहर. पिवळ्या पट्ट्यावर, निळ्या रेघेच्या बोटभर अलीकडे, पत्रा कापून केलेला लाल बाण टाचणीने टोचलेला असायचा. त्यावर सुबक अक्षरांत लिहिलेलं होतं, 'आपण इथे'.

चाळीस वर्षं तो बाण तिथेच होता आणि चाळीस वर्षं मास्तर त्यावरून भावाला छळत आले होते.

"दादा, बाण गंजला, पण हलला नाही रे."

"हलेल तेव्हा तू बघायला नसशील. म्हणजे असशील. मीच नसेन."

मास्तरांचं म्हणणं साधं होतं. प्रभूने हे सगळं भाकीत ज्यांना सांगितलं ते लोक तिथे समोर उभे होते, आणि त्यांच्याच हयातीत होईल असं सांगितलं होतं. तसं झालंही. चाळीस वर्षांत फौजा आल्या, यरुशलेमचं मंदिर जळलं, शहराची राखरांगोळी झाली. श्वापद म्हणजे तेव्हाचा बादशहा. संपला विषय. तो सगळा काळा भाग क्रूसाच्या लगेच पुढे रंगवायला हवा होता. "होऊन गेलंय ते, दादा. कधीच होऊन गेलंय." आणि पेंटर टेबलावर मूठ आपटून म्हणायचे, "व्हायचंय! अजून व्हायचंय!" दर रविवारी, उपासनेनंतर, जेवणाच्या टेबलावर. वहिनी मधून हात घालून भांडी मांडायच्या. "झालेलं एका बाजूला सरकवा, व्हायचं दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये मला ताटल्या ठेवायला जागा द्या."

दवाखान्यात नेण्याच्या आदल्या रविवारी त्यांनी मास्तरांना दारापाशी गाठलं होतं. "भावजी, वाद घालत जा त्यांच्याशी. गप्प बसले की ते आत आत जातात, मला मग सापडत नाहीत." मास्तर हो म्हणाले होते. पण त्या गेल्यानंतर महिनाभराने एका रविवारी पेंटरांनी एकच मुद्दा तासाभरात सहा वेळा मांडला, आणि सहाव्या वेळी मास्तरांना उत्तर देववेना. विसरणाऱ्याशी कसला वाद घालायचा? पुढच्या रविवारी त्यांनी गुडघा दुखतो म्हणून कळवलं. त्याच्या पुढच्या रविवारी काहीच कळवलं नाही.

आता त्यांनी तक्त्याकडे नीट पाहिलं. बाण जागेवर नव्हता. पिवळ्या पट्ट्यावर टाचणीचं जुनं भोक तेवढं होतं. लाल बाण निळ्या रेघेच्या पलीकडे, काळ्या भागात, श्वापदाच्या पायाशी टोचला होता.

"बघितलंस?" पेंटर म्हणाले. "झालं."

"कोण म्हणतं?"

"तूच आधी सांग. ही कुठे आहे?"

मास्तरांनी ठरल्याप्रमाणे सांगितलं. "बाहेर गेलीय. येईल."

"सगळे हेच सांगतात." पेंटर वहिनींच्या खुर्चीजवळ गेले. त्यांनी कशाला हात लावला नाही, नुसतं बोट दाखवलं. "स्वेटर इथे. चपला इथे. आणि हा चष्मा इथे. चष्म्याशिवाय तिला हात पुढे केला तर हात दिसत नाही. अनवाणी, चष्म्याशिवाय बाहेर जाणारी बाई तू पाहिलीस कधी? मी उठलो, बघितलं, आणि कळलं मला. अरे, ती बसल्या जागेवरून गेली. पांघरूणसुद्धा उचललं नाही तिनं."

चूक कुठेच नव्हती. पुरावा चोख होता आणि तो पुतणीने स्वतःच्या हातांनी, डॉक्टरांच्या सांगण्यावरून, रोज झाडून पुसून जपला होता. दुसऱ्या कुठल्याही घरात रिकाम्या खुर्चीवरचा स्वेटर म्हणजे नुसता स्वेटर असतो.

"तिला न्यायलाच हवं होतं," पेंटर म्हणाले. "त्यात काही बोलायलाच नको. तू राहिलास तेही समजू शकतो, रागावू नकोस, पण तू राहणारच होतास. मी का राहिलो रे?"

मास्तर उठून भावाजवळ गेले, तर पेंटर एक पाऊल मागे सरले.

मग मास्तरांनी त्यांना येत होतं ते केलं. फौजा, मंदिर, बादशहा, सनावळ्या. आवाज शाळेतला झाला. "दादा, ऐक. असं कुणी उचललं जात नाही, कुणी मागे राहत नाही. हे सगळं एकोणीसशे वर्षांपूर्वी होऊन गेलंय."

"मी वेगळं काय म्हणतोय?" पेंटर थकून म्हणाले. "होऊन गेलंय. तू बरोबर होतास. मला कळायला उशीर झाला."

चाळीस वर्षं हे एक वाक्य ऐकायला मास्तरांनी काय वाट्टेल ते दिलं असतं. आता ते त्यांच्या पदरात पडलं आणि त्यांना ते कुठे ठेवावं ते सुचेना.

त्यांनी मोबाइल काढला, चर्चच्या पाळकांना लावला आणि पेंटरांच्या कानाशी धरला. मंडळीचा पाळकच इथे आहे म्हटल्यावर तरी विश्वास बसेल. पलीकडून पाळक मोठ्याने, आपुलकीने बोलले. पेंटरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि फोन परत दिला.

"तोही राहिला," ते म्हणाले. "त्याच्याबद्दल मला शंका होतीच."

"बरं, मग खालच्या मजल्यावरची आजी? तिच्याबद्दल तर शंका नाही ना? पहाटेपासून प्रार्थना करते बिचारी. ती इथे असली, तर काही झालेलं नाही. मानशील?"

पेंटरांनी भावाकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "परवाच खाली जाऊन दार वाजवलं. कुलूप आहे."

आजी लेकाकडे गेली होती, महिन्याभरासाठी. ते कुलूप मास्तरांनी जिना चढताना पाहिलं होतं, आणि तरी ते विसरून बसले होते. ते परत स्टुलावर बसले. बाहेर जिन्यात पुतणी खोकली, दाराला टेकून बसली असावी. डबा पिशवीत होता आणि सूप निवत चाललं होतं. पिशवी उघडावी तर पेंटर ती खिडकीबाहेर टाकणार, न उघडावी तर संध्याकाळी तो पट्टा. आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या, पण या प्रश्नाला एक ओळ लिहिता येईना. मास्तरांना भावाचा राग आला, मग त्या तक्त्याचा, आणि मग स्वतःच्या पाच रविवारांचा.

"मी शोधून काढलंय," पेंटर हळूच म्हणाले. ते पलंगाच्या कडेला बसले होते, हात गुडघ्यांत धरून. "का राहिलो ते. तीन दिवस तेच करतोय. आठवत काही नाही मला, तुला माहीत आहे. पण हे आठवलं."

"काय?"

"पोरगी चार वर्षांची होती. तू तेव्हा नोकरीला बाहेरगावी. दिवसभर शिडीवर होतो, औषधाच्या दुकानाची पाटी. घरी आलो तर या दोघी जमिनीवर बसून माझे ब्रश धूत होत्या. पोरीच्या नाकाला निळा रंग. ही तिचं नाक पुसायला जाते आणि स्वतःच्याच गालाला लावून घेते. हसतायत दोघी. बास, एवढंच. काही विशेष नव्हतं रे, रोजच्यासारखी संध्याकाळ." ते थांबले. "रोज प्रार्थनेत मी म्हणायचो, प्रभू, आजच ये. कधी खाडा नाही केला. त्या दिवशी दारात उभा राहून मनात म्हणालो, आज नको. थोडा थांब."

"एकदाच म्हणालो. पण त्यानं ऐकलं ना. ज्याला ये म्हणायचं त्याला थांब म्हणालो, मग तो मला कशाला नेईल?" आणि पेंटर रडायला लागले. आवाज न करता, तोंड उघडं ठेवून, लहान मूल रडू फुटायच्या आधी जसं करतं तसं. पण ते पुढे फुटतच नव्हतं.

मास्तरांनी त्यांचा हात धरला. या वेळी पेंटर मागे सरले नाहीत. त्या हातावर जुन्या रंगाचे ठिपके कातडीत मुरलेले होते.

"दादा," मास्तर म्हणाले, आणि पुढे काय बोलणार हे त्यांनाही माहीत नव्हतं. "तू थांब म्हणालास. मग तो थांबला असेल."

पेंटरांनी मान वर केली.

"तुझं ऐकलं म्हणतोस ना त्यानं? मग ऐकलं म्हणजे थांबलाच असणार. अजून थांबलेला आहे."

"पण बाण..."

"बाण तू हलवलास. त्यानं नाही."

पेंटर त्यांच्याकडे बघत राहिले. डोक्यातलं काहीतरी जड त्यांना एकट्याने सरकवायचं होतं, मघाच्या कपाटासारखं. "म्हणजे तू म्हणतोस, व्हायचंय?"

"हो."

"तू म्हणतोस? तू?"

मास्तर उठले. गुडघा खरंच दुखत होता. तक्त्याजवळ जाऊन त्यांनी श्वापदाच्या पायातली टाचणी उपटली. या बाणाला त्यांनी आजवर कधी हात लावला नव्हता. नुसतं बोट दाखवलं होतं, आणि ते नेहमी डावीकडे, फार मागे, क्रूसाजवळ. बाण हातात हलका लागला. मागच्या बाजूला दुधाच्या डब्याची जुनी छपाई होती. मास्तरांनी बाण निळ्या रेघेवरून अलीकडे आणला, पिवळ्या पट्ट्यावरचं भोक बोटाने चाचपलं आणि टाचणी त्यात घुसवली.

"व्हायचंय, दादा," ते भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले. "मी चुकलो. चाळीस वर्षं चुकत होतो."

मास्तर वळले. पेंटर उभे राहिले होते. ते तक्त्याच्या अगदी जवळ आले, बाणाचं टोक आणि रेघ यांच्यामध्ये त्यांनी आपलं बोट ठेवून पाहिलं. बरोबर बोटभर अंतर. त्यांचे खांदे खाली आले. मग गालांवर रंग आला, डोळे बारीक झाले, आणि मास्तरांनी वर्षभरात ज्याला पाहिलं नव्हतं तो माणूस, रविवारच्या टेबलावरचा त्यांचा तो खट भाऊ, त्यांच्यासमोर उभा राहिला.

"पुन्हा म्हण."

"चुकलो म्हटलं ना. आता काय लिहून देऊ?"

पेंटर हसले. पोट धरून, खोकला येईपर्यंत हसले. आणि मग स्वयंपाकघराकडे तोंड करून त्यांनी खणखणीत आवाजात हाक मारली, "अगं ए! ऐकलंस का? ये बाहेर! मास्तर कबूल झाला! अगं, ये ना लवकर, शब्द बदलायच्या आत!"

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता.

पेंटर कान देऊन उभे राहिले, चेहऱ्यावर ते हसू तसंच. मास्तरांना वाटलं, आता. आता विचारणार, आणि आपल्याकडे काही उरलेलं नाही. ती वर उचलली गेली असं म्हणायची सोय त्यांनी स्वतःच्या हाताने टाचणी टोचून बंद करून टाकली होती. त्यांनी दाराची साखळी काढली, निदान कुणी तरी जवळ असावं म्हणून. पुतणी चटकन उठून उभी राहिली, शिक्क्याचा हात पाठीमागे लपवून.

"ये, ये," पेंटर तिला म्हणाले. "बाहेर का उभी तू? तुझा काका कबूल झाला. हाताला काय झालंय? बघू."

तिने मास्तरांकडे पाहिलं आणि भीत भीत हात पुढे केला. पेंटरांनी तो उजेडाकडे नेला. "रंग लागलाय. असा घासून जातो का तो? कातडं सोलून घेतलंस नुसतं." त्यांनी पलंगाखालून बाटली आणि चिंधी काढली, चिंधीवर टर्पेंटाइन घेतलं आणि तिचा हात आपल्या मांडीवर ठेवून, कडेकडेने, सावकाश पुसायला लागले. पुतणीला ते झोंबलं असणार. ती ओठ दाबून बसून राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पेंटरांनी ते पाहिलं आणि वासामुळे येतं म्हणाले.

मास्तरांनी डबा उघडून वाडग्यात ओतला. सूप कोमट होतं. पेंटरांनी वास घेतला आणि वाडगा स्वतःकडे ओढला. एक चमचा, दुसरा चमचा. खिशातला वाळका पाव त्यांनी त्यात बुडवला. पुतणीने मास्तरांचा हात टेबलाखाली इतका घट्ट धरला की त्यांचं हाड दुखलं. बरोबर अर्धा वाडगा झाल्यावर पेंटर थांबले.

"आणखी घ्या ना, पप्पा."

"हे तिला राहू दे. आली की भूक भूक करेल." त्यांनी वाडग्यावर बशी झाकली. मग तोंड पुसून ते उठले आणि वहिनींच्या खुर्चीजवळ गेले. पुतणी अर्धवट उठली. तीन दिवस ज्या वस्तूंना त्यांनी हात लावू दिला नव्हता, त्यांतला चष्मा त्यांनी उचलला, काचांवर तोंडाची वाफ सोडली, कोटाच्या टोकाने पुसला. खुर्ची ओढून दारासमोर आणली. स्वेटर, पांघरूण, सगळ्यासकट तिच्यावर बसले आणि चष्मा मांडीवर धरला.

"दार उघडंच असू दे," ते म्हणाले. "तिला मीच सांगणार. तुम्ही कुणी आधी बोलायचं नाही."

पुतणी मास्तरांकडे बघत होती, मास्तर बाणाकडे. बाण जागेवर होता.

"दादा, वेळ लागेल कदाचित."

"छे रे!" पेंटरांनी चष्मा वर धरून दाखवला. त्यांच्या चेहऱ्यावर कसली म्हणून शंका नव्हती. "हा इथेच आहे. याच्याशिवाय लांब जाणार कुठे ती?"

मास्तरांनी स्टूल उचललं, भावाच्या खुर्चीला लावून ठेवलं, आणि ते जिन्याकडे तोंड करून बसले.